कॉमिक्समधला काळा रंग : नायक कुणाचा, कुंचला कुणाचा?

मालेगाव आणि सुपरमॅन हे दोन शब्द एकत्र आले की मला हमखास विचारलं जातं, "तो पिक्चर तुमच्याच गावचा ना?" तर मित्रांनो, ते मालेगाव नाशिक जिल्ह्यातलं. आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं, अकोला-वाशिम रस्त्यावरचं. आमच्याकडे अजून कोणी उडालेलं नाही! पण त्या नावबंधू गावाचं मला मनापासून कौतुक आहे. तिथल्या नासिर शेख आणि त्यांच्या दोस्तमंडळींनी यंत्रमागावर काम करणाऱ्या एका किडकिडीत तरुणाला सुपरमॅनचा पोशाख चढवला. त्या धडपडीवर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट पडद्यावर आला.

नायक आपल्यासारखा दिसावा, आपल्या गल्लीतला असावा, ही भूक खरी आहे. ती भूक अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चित्रकार-लेखकांनी कशी भागवली आणि त्या गोष्टीचा आपल्या महाराष्ट्राशी काय संबंध, हे या लेखात पाहू.

वेताळ आणि लोथार

आपल्या वडिलांच्या पिढीला 'इंद्रजाल कॉमिक्स' पक्कं आठवतं. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका मराठीतूनही निघायची. १९९० मध्ये ती बंद पडली. तिचा राजा म्हणजे वेताळ, मूळचा फँटम. आता जरा थांबून विचार करा. जंगल आफ्रिकेसारखं, राहणारे लोक काळे, आणि त्यांचं रक्षण करणारा पिढ्यान् पिढ्यांचा 'चालता-बोलता देव' मात्र गोरा! वेताळाचेच जनक ली फॉक यांनी १९३४ मध्ये मँड्रेक जादूगार आणला. त्याचा सोबती लोथार हा खरं तर आफ्रिकेतला राजपुत्र, पण सुरुवातीला तो बिबट्याचं कातडं पांघरून मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रं काढू लागले, तेव्हा कुठे लोथारला धड कपडे आणि धड भाषा मिळाली.

म्हणजे काळं पात्र कॉमिक्समध्ये होतंच. पण ते ओझं उचलायला, घाबरायला किंवा हसं करून घ्यायला होतं. आणि गंमत म्हणजे, आपण सावळे वाचकसुद्धा ते वाचताना स्वतःला वेताळाच्या जागी ठेवायचो, जंगलातल्या माणसांच्या जागी कधीच नाही.

एकच अंक निघालेलं मासिक

जून १९४७. आपला देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना फिलाडेल्फियात ऑरिन इव्हान्स या कृष्णवर्णीय पत्रकाराने 'ऑल-निग्रो कॉमिक्स' नावाचा अंक काढला. किंमत १५ सेंट. लेखक, चित्रकार सगळे कृष्णवर्णीय. त्यातला 'लायन मॅन' हा शिकलेला तरुण शास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांनी त्याला आफ्रिकेतल्या युरेनियमच्या साठ्यावर लक्ष ठेवायला पाठवलेलं असतं. हिरोशिमाला जेमतेम दोन वर्षं झालेली, हे लक्षात घेतलं की कल्पनेची झेप कळते.

दुसऱ्या अंकाचं साहित्य तयार होतं, पण तो छापला गेला नाही. कारण? इव्हान्सना कागदच विकायला कोणी तयार होईना. कोणतीही बंदी न घालता एक मासिक संपलं. तंत्र शिकणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नीट ध्यानात ठेवावं. कल्पना कितीही भारी असली तरी कागद, छापखाना आणि वितरण दुसऱ्याच्या हातात असेल, तर नाडीही त्याच्याच हातात असते.

घामाचे थेंब

१९५३ मध्ये ईसी कॉमिक्सने 'जजमेंट डे' नावाची छोटी विज्ञानकथा छापली. केशरी आणि निळ्या यंत्रमानवांच्या ग्रहावर पृथ्वीवरून एक तपासनीस येतो. दोन्ही यंत्रमानव आतून हुबेहूब सारखे, फरक फक्त बाहेरच्या पत्र्याच्या रंगाचा. तरी निळ्यांची वस्ती वेगळी, कामं हलकी. तपासनीस हे सगळं बघतो आणि ग्रहाला नापास करून परत निघतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो, आणि आपल्याला कळतं की तो कृष्णवर्णीय आहे. ताऱ्यांच्या उजेडात त्याच्या चेहऱ्यावर घामाचे थेंब चमकत असतात.

पुढे हीच कथा पुन्हा छापायची वेळ आली तेव्हा कॉमिक्स तपासणाऱ्या मंडळाच्या प्रमुखाने अंतराळवीर काळा नको असा हट्ट धरला. प्रकाशक विल्यम गेन्स अडून बसले आणि त्यांनी कथा जशीच्या तशी छापली. ईसीचं ते शेवटचं कॉमिक बुक ठरलं. सगळी कथाच रंगभेदावर आहे, आणि आक्षेप आला तोही नेमका रंगावरच!

चौसष्ट रंगांचं गणित

आता थोडं आपल्या विषयाचं. जुनी कॉमिक्स स्वस्त कागदावर चार शाईंत छापली जात : निळी (सायन), किरमिजी (मॅजेन्टा), पिवळी आणि काळी. काळी शाई मुख्यतः रेषांसाठी. उरलेल्या तिघींच्या ठिपक्यांची घनता ठरलेली असायची : ०, २५, ५० किंवा १०० टक्के. म्हणजे एकूण रंग ४ × ४ × ४ = ६४. गोऱ्या कातडीची फिकट गुलाबी छटा या कोष्टकात सहज बसायची. तपकिरी रंगाला मात्र तिन्ही शाया योग्य प्रमाणात लागतात, आणि इतक्या मोठ्या पायऱ्यांमध्ये ते प्रमाण नीट साधत नाही. त्यामुळे कृष्णवर्णीय पात्रं कित्येकदा राखाडी, मातकट दिसत.

१९६३ मध्ये मार्व्हलच्या 'सार्जंट फ्युरी'च्या पहिल्या अंकात गेब जोन्स हा कृष्णवर्णीय सैनिक होता. रंगांचे ठसे बनवणाऱ्याला वाटलं की ही चूकच असणार, आणि त्याने त्याला गोरा करून टाकलं! यंत्राला भेदभाव कळत नाही हे खरं, पण यंत्राचं कोष्टक माणूस बनवतो. कोणता रंग 'नेहमीचा' आणि कोणता 'खास' हे त्या कोष्टकातच ठरून जातं.

दोन पँथर, तिसरा आपला

जुलै १९६६ च्या 'फँटॅस्टिक फोर' ५२ व्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ब्लॅक पँथर आणला. वाकांडाचा राजा टी'चाला, स्वतः पट्टीचा शास्त्रज्ञ. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंडमध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी स्थापन केली. पुष्कळांना वाटतं एकावरून दुसरं नाव आलं. तसं नाही. पार्टीने हे चिन्ह अलाबामा राज्यातल्या मतदान हक्काच्या चळवळीतून घेतलं होतं. आणि त्या पार्टीच्या प्रेरणेने १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली. म्हणून सिनेमा बघून आलेला ज्युनिअर "दलित पँथर मार्व्हलवरून का?" असं विचारतो, तेव्हा त्याला हा क्रम सांगावा.

हे नातं त्याहून जुनं आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं.

मात्र ब्लॅक पँथरचे दोन्ही जनक गोरे होते. १९७० च्या दशकात बिली ग्रॅहम या कृष्णवर्णीय चित्रकाराने त्याची चित्रं काढली, १९९८ पासून ख्रिस्तोफर प्रीस्ट यांनी त्याला लिहिलं, आणि २०१८ चा गाजलेला चित्रपट रायन कूगलर यांनी दिग्दर्शित केला. म्हणजे कुंचला, लेखणी आणि कॅमेरा आपल्या हातात यायला पन्नासेक वर्षं गेली.

फिजिक्सवाला लेखक

या सगळ्यांत माझा आवडता माणूस म्हणजे ड्वेन मॅकडफी. फिजिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, म्हणजे जवळपास आपल्यातलाच! १९९३ मध्ये त्यांनी डेनिस कोवन आदी साथीदारांबरोबर 'माइलस्टोन' ही कंपनी काढली. वितरण डीसी या बड्या कंपनीकडे, पण पात्रांची मालकी माइलस्टोनकडे. इव्हान्सचा कागद जिथे अडला होता, तिथलं कुलूप त्यांनी असं उघडलं. त्यांचा 'हार्डवेअर' हा नायक चक्क इंजिनिअर आहे. शोध तो लावतो, नफा मालक खातो. मग तो स्वतःसाठी चिलखत बनवतो. कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्यांनी जरूर वाचावं!

माइलस्टोनमागचा मॅकडफींचा विचार साधा होता. गोष्टीत एकच कृष्णवर्णीय पात्र असलं की ते साऱ्या समाजाचं प्रतिनिधी होऊन बसतं. मग त्याला चुकायची, रडायची, विनोद करायची मुभा उरत नाही. दहा पात्रं असली की प्रत्येक जण साधा माणूस होतो. माइलस्टोनची कॉमिक्स १९९७ मध्ये थांबली, पण त्यातला विजेशी खेळणारा शाळकरी नायक 'स्टॅटिक शॉक' या कार्टूनमधून २००० ते २००४ टीव्हीवर गाजला. मॅकडफी २०११ मध्ये गेले. २०१९ च्या ऑस्करमध्ये 'स्पायडरमॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स' सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट ठरला, तेव्हा त्याच्या तीन दिग्दर्शकांपैकी पीटर रॅमसी हे या विभागात जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय दिग्दर्शक ठरले.

आणि आपल्याकडे?

अमर चित्रकथेचे जुने अंक काढून बघा. राजपुत्र गोरे, राक्षस काळे, हा हिशेब बहुतेक ठिकाणी पक्का. तिथेच १९७९ मध्ये 'बाबासाहेब आंबेडकर' हा अंक आला, चित्रं दिलीप कदम यांची. पुढे २०११ मध्ये 'नवयान' प्रकाशनाने दोन पुस्तकं काढली. एक, 'गुलामगिरी'वर आधारलेलं श्रीविद्या नटराजन यांनी लिहिलेलं आणि अपराजिता निनन यांच्या चित्रांचं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड'. दुसरं 'भीमायन', ज्याची चित्रं परधान गोंड कलाकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी काढली.

'भीमायन' प्रत्येकाने एकदा तरी हातात घ्यावं. १९०१ मध्ये मसूर स्टेशनवर उतरलेला, घोटभर पाण्यासाठी तरसलेला लहान भीम त्यात आहे. पण पानावर नेहमीच्या चौकटीच नाहीत. माणसांना खोक्यात कोंबायचं नाही, अशी या कलाकारांची भूमिका. मायेच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. दुसऱ्यांच्या चौकटीत आपला नायक बसवण्याऐवजी त्यांनी चौकटच मोडली.

आज आपल्यापुढे चौसष्ट रंगांची अडचण नाही. संगणकावर एक कोटी साठ लाखांहून जास्त रंग आहेत. तरीही आपल्या खडूच्या पेटीत 'स्किन कलर' म्हणून मिळतो तो फिकट गुलाबीच, आणि आपल्या गॅदरिंगच्या पोस्टरवरची मुलं-मुलीही त्याच रंगाची निघतात. मालेगावच्या आठवडी बाजारात उभं राहून बघा, त्या रंगाचा एक तरी माणूस दिसतो का? सोयाबीन काढून उन्हात रापलेली आपली माणसं कोणत्या रंगाची आहेत, ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे.

तेव्हा या मासिकासाठी पुढच्या वेळी जो कोणी चित्र काढेल, त्याने रंगाच्या चौकटीवर क्लिक करण्याआधी क्षणभर थांबावं, आणि आधी शेजारच्या बाकावरच्या मित्राकडे नीट बघावं.