वीज आली, पण पैका कुठं आला?

सभासद बंधूंनो, गडीमाणूस दिवसभर सलग राबला तर साधारण ७५ वॅट शक्ती लावतो. पाच अश्वशक्तीची मोटार म्हणजे ३,७३० वॅट, म्हणजे जवळजवळ पन्नास गड्यांचं काम! घरात दिवा लागला की पोरं अभ्यासाला बसतात, हे आहेच. पण गरिबी हटते ती वीज कामाला जुंपल्यावर. पाणी मिळालं की दुसरं पीक निघतं, मजुरालाही गावातच काम राहतं.

मात्र वीज रात्री आली तर विंचूकाट्यात, बिबट्याच्या भीतीत दारं धरायची. म्हणूनच दिवसा पुरवठ्यासाठी राज्यात २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली.

आता आपल्या हातातलं. वीज येताच सगळ्यांचे ऑटोस्विच मोटारी एकदम चालू करतात. व्होल्टेज पडतं, मोटार जादा करंट ओढते, वाइंडिंग जळतं, कधी डीपीच जाते. ऐन उन्हाळ्यात डीपी बंद पडली तर मोठा शेतकरी डिझेल इंजिन लावील. लहान्यानं काय करावं? त्याचा ऊस वाळणार. तेव्हा ऑटोस्विच काढा, मोटारीच्या क्षमतेप्रमाणे कपॅसिटर बसवा, त्यानं डीपीवरचा भार हलका होतो. आणि एका डीपीवरच्या सभासदांनी मोटारी चालू करण्याची पाळी आपसात ठरवून घ्यावी.