आम्ही आणि आपण

नाशिक शहरातून गंगापूर रोड पश्चिमेला जातो. आनंदवल्ली लागते, सोमेश्वर लागते, मग गंगापूर गाव. पुढे गोदावरीवरचे धरण आहे. या भागात द्राक्षांचे मळे आहेत. नाशिकची द्राक्षे परदेशी जातात. माल परदेशी जातो तेव्हा इंग्रजी कागदही हाती येतात.

समजा, एका बागाईतदाराला असा कागद आला. गाडीभाड्याबद्दल त्यात लिहिले होते, 'वी विल पे.'

शाळेत जाणारी नात म्हणाली, "आबा, वी म्हणजे आम्ही. भाडे आम्ही देऊ, असं व्यापारी म्हणतोय."

शेजारचे तात्या म्हणाले, "नाही गं पोरी. वी म्हणजे आपण. भाडे आपण देऊ, म्हणजे दोघांनी मिळून."

आता भाडे कोणाच्या खिशातून जाणार? नातीचेही बरोबर आहे आणि तात्यांचेही. इंग्रजीत आम्ही आणि आपण या दोघांना मिळून 'वी' हा एकच शब्द आहे.

मराठीत तसे नाही. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की ऐकणारा आत येतो. दारी पाहुणा आला आणि तुम्ही म्हणालात, "आम्ही आता जेवायला बसतो," तर पाहुणा चपला घालील. "आपण जेवायला बसू," म्हणालात तर तो हात धुवायला उठेल. एका शब्दाचा फरक आहे, पण तेवढ्याने माणूस उपाशी जातो!

असा भेद शेजारच्या गुजरातीतही आहे. तिथे 'अमे' आणि 'आपणे' म्हणतात. तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु' आहे. हिंदीत मात्र दोन्हीला 'हम' चालते.

पण आपल्या 'आपण'मध्येही एक खोच आहे. कचेरीतून नोटीस येते, 'आपण सोमवारी हजर राहावे.' इथे साहेब आपल्याबरोबर हजर राहणार नाहीत बरं का! इथे 'आपण' म्हणजे तुम्ही. तो मानाचा शब्द आहे. मग ओळखायचे कसे? क्रियापद बघा. 'आपण राहू' म्हणजे तुम्ही आणि मी. 'आपण राहावे' किंवा 'आपण राहाल' म्हणजे फक्त तुम्ही.

इंग्रजीत तू, तुम्ही, आपण या सगळ्यांना 'यू' म्हणतात. एकाला यू आणि साऱ्या गावालाही यू. पूर्वी एकट्याला 'दाऊ' असा वेगळा शब्द होता. रोजच्या बोलण्यातून तो गेला. ते, त्या आणि ती मुले, या सगळ्यांना 'दे' म्हणतात. आपण वडिलांना 'ते आले' म्हणतो आणि पोराला 'तो आला'. इंग्रजीत दोघांनाही 'ही'. त्यात अपमान नाही, त्या भाषेची रीतच तशी आहे.

भारताचे संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले. त्याची उद्देशिका इंग्रजीत 'वी' या शब्दाने सुरू होते. मराठीत तिथे 'आम्ही' आहे. मग यातून बाहेर कोण राहिले? देशातला कोणीच नाही. तिथे सगळे लोक मिळूनच बोलत आहेत. वाचणारा आणि वाचणारी, दोघेही त्या 'आम्ही'त आहेत.

व्यवहाराच्या कागदात मात्र 'वी' दिसले की विचारा, "यात कोण कोण आले?" सही करण्याआधी त्या जागी नाव लिहून मागा. 'भाडे व्यापारी देईल', असे लिहिले की नात आणि तात्या यांचा वाद मिटला.

आता ही वाक्ये मोठ्याने वाचा. ऐकणारा आत आहे की बाहेर, ते सांगा.

आम्ही उद्या सोसायटीत जाणार आहोत.

विहिरीचा गाळ आपण मिळून काढू.

पाणीपट्टी आपण वेळेवर भरावी.

आम्ही बांध घातला, पाणी आपण वाटून घेऊ.