रोजनिशी टिकवायची कशी? लिहून किंवा बोलून



रोजनिशी सुरू करणं सोपं, टिकवणं अवघड. एक जानेवारीला उघडलेली वही संक्रांतीपर्यंत मिटते. कारण आपण रोज काहीतरी मोठं, सुंदर लिहायचं ठरवतो, आणि बहुतेक दिवस तर साधेच असतात.

अमरावतीचे वकील, लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ शिर्डीत राहिले. रोज डायरी लिहीत. त्यात काय आहे? पहाटेचं उठणं, प्रार्थना, कोण भेटलं, काय वाचलं, साईबाबा काय म्हणाले. उठायला उशीर झाला तर तेही लिहिलंय. अशा साध्या नोंदींमुळेच तेव्हाची शिर्डी आज आपल्याला दिवसागणिक कळते.

"मला लिहायला जमत नाही" असं काहीजणी म्हणतात. ज्ञानेश्वरी माउलींनी नेवाशाला सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली (शके १२१२). तेव्हा बोलून ठेवलेली नोंदही नोंदच.

*या आठवड्याचा अभ्यास*

१. नोंद रोजच्या कामाला जोडा. देवाजवळ दिवा लावला की, किंवा रात्री दुधाला विरजण लावलं की लगेच.

२. तीनच ओळी : आज काय घडलं, मन कुठे अडलं, उद्या काय करायचं.

३. बोलायचं असेल तर व्हॉट्सॲपवर स्वतःच्याच नंबरला व्हॉइस मेसेज पाठवा. आधी तारीख सांगा.

४. दिवस चुकला तर मागचं भरत बसू नका. आजची तारीख घालून पुढे चला.

५. नोंद खरी हवी, म्हणून ती खासगी. ग्रुपवर टाकू नका, आणि घरातल्या कुणाची वही न विचारता उघडू नका.

आजी-आजोबांना खास विनंती. आपल्या सिकंदराबादेत मुलं शाळेत तेलुगू, हिंदी, इंग्रजी शिकतात. कितीतरी नातवंडांना घरचं मराठी समजतं, पण वाचता येत नाही. त्यांच्यासाठी आठवड्यातून एक नोंद बोलून ठेवा : इथे पहिल्यांदा आलात तेव्हा बाजारात कसं बोलायचात, सणाला काय करायचात. फोन बदलताना हे आवाज हरवतात, म्हणून मुलांकडून महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

आज रात्री सुरुवात करू या. तारीख आणि एक खरं वाक्य, एवढं पुरे. 🙏