‘लागणें’ या क्रियापदाची कुळकथा

कळंबच्या शिवारांत उसाची ‘लागण’ होते. साथ आली म्हणजे रोगाचीही ‘लागण’ होते. एकींत पिकाचा आरंभ, तर दुसरींत दुखण्याचा. मग शब्द एकच कसा?

संस्कृतांत ‘लग्’ म्हणजे चिकटणें. त्याचें ‘लग्न’ हें रूप प्राकृतांत ‘लग्ग’ झालें आणि मराठींत ‘लाग’. विवाहवाचक ‘लग्न’ हें त्याचेंच न बदललेलें भावंड. ‘अग्नि, अग्गि, आग’ ही वाटही तीच; म्हणजे ‘आग लागली’ या वाक्यांतील दोन्ही शब्द एकाच नियमानें घडले आहेत.

चिकटण्याच्या या मूळ अर्थाला पुढें अनेक फांद्या फुटल्या. ठेच लागते, तेथें स्पर्श आहे. झाडाला आंबे लागतात, तेथें जोड आहे. कोणी आपला मामा लागतो, तेथें नातें जोडलेलें आहे. पाऊस पडूं लागतो, तेव्हां क्रिया आरंभाला भिडते. जावें लागतें, तेव्हां कर्तव्य आपणांस येऊन चिकटतें. इ. स. १२९० च्या ज्ञानेश्वरींत तर ‘लागीं’ हें ‘साठीं’ या अर्थाचें अव्यय झालेलें आढळतें.

तेव्हां निबंध लिहितांना ‘लागण’ हा शब्द गांवढळ समजून त्याच्या जागीं ‘रोपण’ घालूं नये, असें आम्हांस वाटतें. उसाचें बेणें मातीला लागतें, असें म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडीं या धातूचा सर्वांत जुना अर्थ आजही जिवंत आहे.