जंगलाचा आवाज चाळायला किती खर्च येतो?

आंबोलीत बेडकांचे आवाज नोंदवायचे आहेत, गावच्या देवराईत कोणते पक्षी आहेत ते वर्षभर ऐकून ठरवायचे आहे, रानपिंगळ्याचा ठावठिकाणा त्याला न छेडता शोधायचा आहे. अशा कामांसाठी आता निसर्गमंडळे आणि महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग झाडाला स्वयंचलित रेकॉर्डर बांधू लागले आहेत. यंत्र महिनाभर ऐकते आणि शेकडो तासांचे ध्वनिमुद्रण हातात ठेवते. त्यातून उपयोगाचे तुकडे वेगळे कसे काढायचे, त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे आणि एकूण पैसे किती लागतील, हे प्रश्न मग एकदमच उभे राहतात.

उत्तर आधीच सांगतो. सॉफ्टवेअरवर एक रुपयाही न घालता हे काम उत्तम होऊ शकते. पैसे लागतात ते रेकॉर्डर, साठवण आणि जाणकार माणसाचा वेळ यांना. या तिसऱ्या खर्चाचा हिशेब बहुतेक प्रकल्प सुरुवातीला मांडतच नाहीत आणि मग हार्ड डिस्क कपाटात पडून राहते.

आधी सॉफ्टवेअर करते काय ते पाहू. ते आवाजाचे चित्र काढते, त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. आडवी रेघ वेळेची, उभी रेघ वारंवारितेची म्हणजे आवाजाच्या उंचीची. आवाज जितका जोरात तितका ठसा गडद. तांबटाची टुकटुक या चित्रात एका उंचीवर ओळीने मांडलेल्या ठिपक्यांसारखी दिसते. पावशाचे ‘पेर्ते व्हा’ पायरी-पायरीने वर चढते. पाऊस म्हणजे खालपासून वरपर्यंत पसरलेला करडा पट्टा, आणि सिकाडा लागले की एका उंचीवर जाड सलग पट्टा उमटतो, त्याखाली सगळे दबते. सॉफ्टवेअर अशा चित्रांचे छोटे तुकडे करते, एकमेकांसारखे तुकडे एका गटात टाकते किंवा ओळखीच्या नमुन्याशी ताडून पाहते. डोळ्याला एका नजरेत जो फरक कळतो तो कानाला पूर्ण तुकडा ऐकूनच कळतो. वेळ वाचतो तो इथे.

पण हे काम तांदूळ चाळण्याचे आहे, निवडण्याचे नाही. चाळणीखाली जे उरते ते निवडायला माणूसच बसावा लागतो, आणि ज्या अहवालात तो बसलेला नाही त्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आता सॉफ्टवेअरचे पर्याय. नुसती चित्रे बघायला आणि तुकडे कापायला ऑडॅसिटी फुकट आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे रेव्हन लाइटही फुकट आहे. त्याचीच मोठी आवृत्ती, रेव्हन प्रो, विकत घ्यावी लागते. तिच्यात ठरावीक उंचीपट्ट्यातला आवाज आपोआप हुडकण्याची आणि नमुन्याशी जुळणारे तुकडे शोधण्याची सोय आहे. पक्ष्यांसाठी सर्वात उपयोगी म्हणजे बर्डनेट-ॲनालायझर. कॉर्नेल आणि जर्मनीतले केम्निट्झ तांत्रिक विद्यापीठ यांनी मिळून ते बनवले आहे. ध्वनिमुद्रणाचे ३ सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला ते संभाव्य जातीचे नाव आणि ० ते १ मधला गुण देते. आपले ठिकाण आणि आठवडा सांगितला तर तिथे त्या काळात न आढळणाऱ्या जाती ते यादीतून वगळते. तासभराची फाइल साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत निकाली निघते, इंटरनेट लागत नाही.

इथे एक सूचना. बर्डनेटचे प्रारूप अव्यावसायिक वापराच्या परवान्याखाली दिलेले आहे. मंडळ, शाळा, संशोधक यांना अडचण नाही. पण धरण, खाण किंवा पवनचक्कीच्या पर्यावरण अहवालासाठी कोणी सल्लागार मोबदला घेऊन ते वापरणार असेल, तर त्याने आधी परवानगीचे बघावे. काम देणाऱ्यानेही हे लेखी विचारून घ्यावे.

बेडकांचे गणित वेगळे आहे. बर्डनेटच्या यादीत जगभरच्या ६,०००हून अधिक जाती आहेत, पण त्या बहुतांश पक्ष्यांच्या. सह्याद्रीतल्या झाडबेडकांसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. तिथे आधी ओळख न मागता नुसते सारखे-सारखे गट पाडणारे साधन हवे. असे एक साधन म्हणजे वाइल्डलाइफ अकूस्टिक्स या अमेरिकन कंपनीचे कॅलिडोस्कोप प्रो. उंचीचा पट्टा, आवाजाची किमान-कमाल लांबी आणि दोन आवाजांमधले अंतर सांगितले की ते तुकडे कापून त्यांचे गट करते. गटांना नावे आपण द्यायची. झाडबेडकांसाठी ५०० ते ५,००० हर्ट्झ हा पट्टा सुरुवातीला ठीक. वार्षिक वर्गणी चारशे डॉलरच्या आसपास धरा. परदेशी चलनात कार्डाने पैसे भरले तर बँक बहुधा २ ते ३.५ टक्के वर लावते, कराचा भाग निराळा. काही दिवस फुकट वापरून पाहता येते. तेव्हा आधी ध्वनिमुद्रण पूर्ण करा, फाइली तयार ठेवा आणि मगच ती मुदत सुरू करा.

दुसरे साधन आर्बिमॉन. हे इंटरनेटवर चालते आणि फुकट आहे. एका बेडकाच्या हाकेचा स्वच्छ तुकडा नमुना म्हणून दिला की ते सगळ्या फाइलींमधून तसेच तुकडे शोधते आणि लहान-लहान चित्रांच्या रांगा समोर मांडते. आपण हो किंवा नाही म्हणत जायचे. शिकाऊ विद्यार्थ्याच्या हाती द्यायला यापेक्षा सोपे काही माझ्या पाहण्यात नाही. अडचण एकच, सगळ्या फाइली वर चढवाव्या लागतात. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर तासाला साडेचार जीबी जातात, म्हणजे दीडशे जीबी चढवायला तेहतीस-चौतीस तास. तालुक्याच्या ठिकाणी याहून जास्तच धरा. फाइली आधी फ्लॅक प्रकारात बदलल्या तर आवाजाला धक्का न लागता आकार बराच कमी होतो.

रेकॉर्डरमध्ये ऑडिओमॉथ स्वस्त. ती जवळपास शंभर डॉलरची उघडी पाटी आहे, तीन पेन्सिल सेलवर चालते. पावसापासून वाचवणारे आवरण वेगळे घ्यावे लागते आणि कोकणातल्या जुलैत ते ऐच्छिक नाही. सीमाशुल्क, १८ टक्के कर आणि कुरिअर धरून एक नग आवरणासह १३ ते १६ हजारांत पडेल असे समजून चाला. तयार, बंद डब्यातला साँग मीटर मायक्रो अडीचशे डॉलरपासून वर. एक-दोनच नग हवे असतील आणि तांत्रिक माणूस हाताशी नसेल तर हा महाग पर्यायच बरा. मोबाइल मात्र रानात सोडण्याचे साधन नाही. आवाज तो स्वतःच कमी-जास्त करतो आणि दाबून साठवतो.

साठवणीचा हिशेब कागदावर अचूक करता येतो, तरी लोक तो करत नाहीत. ज्या उंचीपर्यंतचा आवाज हवा त्याच्या किमान दुप्पट नमुनादर, म्हणजे सेकंदाला आवाज मोजण्याचा दर, ठेवावा लागतो. पक्षी आणि बेडूक यांना ४८ किलोहर्ट्झ पुरे. या दराने एका तासाची फाइल सुमारे ३४५ एमबीची होते. अखंड चोवीस तास म्हणजे ८.३ जीबी. वटवाघळांचे आवाज आपल्या कानाच्या पलीकडे, म्हणून तिथे ३८४ किलोहर्ट्झ लावले की तासाला २.८ जीबी जातात आणि बारा तासांची एक रात्र ३३ जीबी खाते. पहिल्या वर्षी वटवाघळांच्या मागे लागू नका, निदान दोन्ही कामे एकत्र काढू नका. आणि अखंड ध्वनिमुद्रण बहुधा लागतच नाही: दर दहा मिनिटांतले एक मिनिट घेतले तरी कोणती जात आहे हे कळायला अनेकदा पुरते, खर्च मात्र दहा टक्क्यांवर येतो. दुर्मीळ आणि क्वचित बोलणाऱ्या प्राण्यासाठी ही काटकसर नको. रानपिंगळा शंभराहून अधिक वर्षे हरवलेलाच समजला जात होता, १९९७ साली तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. असा पक्षी शोधायचा तर त्याच्या बोलण्याच्या वेळा पूर्ण घ्या आणि बाकी दिवस सोडून द्या.

एक पूर्ण उदाहरण मांडतो. तीन रेकॉर्डर, ३० दिवस, पहाटेचे तीन आणि संध्याकाळचे दोन तास. एकूण ४५० तास, सुमारे १५५ जीबी. तीन रेकॉर्डर साधारण ४५ हजार. प्रत्येकी दोन मेमरी कार्डे (१२८ जीबीची, एक आत, एक बदलायला) मिळून सात-आठ हजार. पुन्हा चार्ज होणारे १८ सेल आणि चार्जर यांना सहा हजार. दोन टीबीच्या दोन हार्ड डिस्क, कारण एकच प्रत असणे म्हणजे प्रत नसणे, चौदा हजारांच्या घरात. झाले बहात्तर-त्र्याहत्तर हजार, आणि यातले जवळपास सगळे पुढच्या वर्षीही उपयोगी पडणारे. मेमरी आणि डिस्कच्या किमती फार हलतात, खरेदीच्या आठवड्यात ताजा भाव घ्या.

आता माणसाचा वेळ. हे ४५० तास कोणी बसून ऐकायचे म्हटले तर रोज सहा तास धरून ७५ दिवस लागतात. दिवसाला हजार रुपये मानधन धरले तरी पंचाहत्तर हजार, म्हणजे सगळ्या यंत्रसामग्रीहून जास्त. त्याऐवजी बर्डनेट लावले, समजा ८० जाती निघाल्या आणि प्रत्येकीचे ५० तुकडे तपासले, तर ते ४,००० तुकडे झाले. एका तुकड्याला दहा सेकंद म्हणजे अकरा तास. दोन-तीन दिवसांचे काम! बेडकांच्या गटांना आणखी तीन-चार दिवस द्या. जाणकाराला यासाठी मानधन द्याच. पक्षी ओळखणारी माणसे हौसेने मदत करतात म्हणून त्यांच्या तासांची किंमत शून्य धरणे मला अन्यायाचे वाटते.

तपासताना सर्वात वरच्या गुणांचे तुकडे तेवढे पाहू नका. वरचे, मधले, खालचे सगळे मिसळून घ्या. बर्डनेटचा ०.८ हा गुण म्हणजे शंभरात ऐंशी वेळा बरोबर असा अर्थ नाही. एका जातीला ०.३ पुरेल, दुसरीला ०.९ लाही चुका निघतील. उंबरठा प्रत्येक जातीचा वेगळा ठरवावा लागतो आणि तो आपल्याच रानातल्या तुकड्यांवरून. भृंगराज कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला इतक्या हुबेहूब करतो की यादीत नसलेले पाहुणे हजर होतात. त्याचा आवाज ज्या फाइलीत आहे तिथल्या दुर्मीळ नोंदी दुप्पट काळजीने ऐका. उलट, गट पाडणाऱ्या साधनात पहिले काम कचरा फेकण्याचे. पाऊस, वारा, रातकिडे यांचे गट एकेका फटक्यात बाजूला काढले की अर्धा ढीग हलका होतो.

चित्राची मांडणीही निकाल बदलते. खिडकीची, म्हणजे चित्र काढताना एका वेळी घेतलेल्या आवाजाच्या तुकड्याची, लांबी १,०२४ नमुने ठेवली तर ४८ किलोहर्ट्झला वेळेचा २१ मिलिसेकंदांचा तुकडा एकत्र होतो. शीळकरी कस्तुराची लांब शीळ त्यात स्वच्छ दिसते, पण बेडकाची भरभर टकटक एकमेकांत मिसळते. बेडकांसाठी ५१२ किंवा २५६ करून पाहा. याला पैसे लागत नाहीत आणि फरक मोठा पडतो.

पश्चिम घाटासाठी परिस्थिती सुधारते आहे. २०२४ साली बर्डसीएलईएफ या जागतिक स्पर्धेचा विषयच पश्चिम घाटातले पक्षी हा होता, १८२ जातींचे आवाज ओळखणारी प्रारूपे त्यासाठी जगभरातल्या लोकांनी तयार केली. झेनो-कँटो या खुल्या संग्रहात २००५ पासून पक्ष्यांचे आवाज जमा होत आहेत. नमुने तिथून घेता येतात, परवाना वाचून. आपले तपासलेले तुकडे तिथे दिले तर पुढची साधने आपल्या रानाला जास्त ओळखतील.

काही जण हे सगळे बाहेरच्या संस्थेकडून करून घेतात. तसे करणार असाल तर कराराआधी लेखी उत्तरे घ्या: दर ध्वनिमुद्रणाच्या तासावर आहे की तपासलेल्या तुकड्यांवर? प्रत्येक जातीचे किती तुकडे माणसाने पाहिले? उंबरठा कोणता आणि कशावरून? मूळ फाइली आणि गटांची यादी परत मिळणार का? चौथ्या प्रश्नाला नकार आला तर दुसरीकडे जा. मूळ फाइलींशिवाय तो अहवाल पुढे कोणालाच तपासता येणार नाही.

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात यंत्र लावण्याआधी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनविभागाची परवानगी लागते आणि तिला वेळ जातो. पावसाळ्याचे काम असेल तर अर्ज उन्हाळ्याच्याही आधी करा. देवराईत गावाला विचारा. रेकॉर्डरला माणसांचे बोलणेही ऐकू येते, म्हणून झाडाला मराठीत पाटी लावा: यंत्र कशासाठी आहे, कोणत्या मंडळाचे आहे, बोलणे पुसून टाकले जाईल. बर्डनेट माणसांच्या आवाजाचे तुकडेही वेगळे दाखवते. ते आधी काढा, मग बाकीचे कोणाच्याही हाती द्या.