खारीच्या पाठीवर पट्टे किती?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीला येताना आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या मागं लेकरं असतात. इकडं हप्ते, सह्या चालू आणि तिकडं त्यांचे प्रश्न चालू. खारीला पट्टे कुणी काढले? टिटवी रात्रीची का ओरडते? या प्रश्नांची उत्तरं आपल्या आज्यांनी गोष्टींत घालून ठेवली आहेत. डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीतर्फे बायकांच्या तोंडचं असं पुष्कळ साहित्य गोळा करून छापलं. तरी कितीतरी गोष्टी अजून आपल्या डोक्यातच आहेत. त्या लेकरांना शिकवायला कशा वापरायच्या ते पाहू.

खारीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. सेतू बांधताना खार वाळूत लोळायची आणि अंगाची वाळू सेतूवर झटकायची. रामानं कौतुकानं तिच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली, तेच पट्टे. 'खारीचा वाटा' आपण म्हणतो तो इथलाच. गोष्ट संपली की पोराला लिंबाखाली बसवा आणि पट्टे मोजायला सांगा. पट्टेवाल्या खारींत काहींना तीन पट्टे असतात आणि काहींना पाच. महाराष्ट्रात दोन्ही सापडतात. पाच मोजून आलेलं पोर विचारणारच, "मग ही दोन बोटं जास्तीची कुणाची?" तेव्हा "गप बस" म्हणायचं नाही. धडा तिथंच सुरू होतो. लहानाच्या कामालाही मोल असतं, हे सांगायला लोकांनी ती गोष्ट रचली. आणि फांदीवरच्या ऊन-सावलीत पट्ट्यांमुळं खार चटकन दिसत नाही. दोन्ही सांगायचं, पण "लोक असं सांगतात" आणि "आपण असं पाहिलं" हे वेगवेगळं ठेवायचं.

टिटवीचं बघा. आभाळ पडलं तर तोलता यावं म्हणून ती पाय वर करून झोपते म्हणे! मला तर ही गोष्ट खारीच्या गोष्टीपेक्षाही आवडते. प्रत्यक्षात टिटवी उभ्यानं नाहीतर बसून झोपते. ती उघड्या रानात, जमिनीवरच बहुधा चार अंडी घालते. अंडी खड्यांच्या रंगाची असतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत. म्हणून कुत्रं, माणूस जवळ आलं की ती ओरडत सुटते, रात्रीसुद्धा. एवढं समजलेलं पोर "टिटवी ओरडली, आता कुणीतरी जाणार" म्हणून घाबरत नाही आणि अंड्यांना हातही लावत नाही. आपल्या नान्नजचा माळढोकही असाच जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुतेक वेळा एकच. त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, तरी आज तो दिसणं मुश्कील झालंय.

आता पावशा. तो "पेरते व्हा, पेरते व्हा" सांगत येतो, असं आपण लहानपणापासून ऐकलंय. पोराला ते जरूर ऐकवा. पण पुढचंही सांगा. पावसाच्या तोंडावर त्याचा विणीचा काळ असतो, म्हणून तो ओरडतो. स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडं घालून मोकळा होतो! जमिनीत ओल किती आहे हे त्याला कुठून कळणार? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पहिल्या सरीवर पेरून नंतर पावसानं ताण दिला तर दुबार पेरणी येते, आणि बियाण्यासाठी गटातून घेतलेलं कर्ज पिकाआधीच डोक्यावर बसतं.

म्हणून या गोष्टीबरोबर पोराच्या हातात एक डबा द्या. बाजू सरळ आणि तळ सपाट असलेला हवा. तो झाडापासून, वळचणीपासून लांब, उघड्यावर ठेवायचा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी शाळेची पट्टी आत उभी धरून पाणी किती मिलिमीटर आहे ते लिहायचं, मग डबा रिकामा करायचा. रोजचे आकडे मिळवत जायचे. बेरीज ७५ च्या पुढं गेली की घरात सांगायचं काम त्याचंच. लिहायला गटाच्या जुन्या वहीची कोरी पानं चालतील.