मूक हृदयाची तपासणी

परक्याच्या दातृत्वाने लाभलेले हृदय ज्याच्या छातीत चालते आहे, त्याने हे पक्के ध्यानी धरावे की, शस्त्रक्रियेत त्या हृदयाचे मज्जातंतू छेदले जात असल्यामुळे हृद्‌रोहिण्या चिंचोळ्या होऊ लागल्या तरी छातीत कळ बहुधा येत नाही. कैफियत मांडतात ते धाप आणि थकवा. माझी धाप वाढली तेव्हा एका रुग्णालयाने स्ट्रेस थॅलियम करून ‘नॉर्मल’ असा निर्वाळा दिला आणि पुढील तपासणी वर्षभर लांबणीवर टाकली.

त्या निर्वाळ्यातील उणीव नंतर एका जाणत्या हृद्‌रोगतज्ज्ञांनी उलगडून सांगितली. थॅलियमचे चित्र हृदयाच्या एका भागाची दुसऱ्याशी तुलना करते. परंतु प्रत्यारोपित हृदयात रोहिण्यांचे आतले अस्तर बहुधा सर्वदूर जाड होत जाते, आणि पाटाचे पाणी सगळ्याच शेतांना सारखेच कमी पोचले, तर शेजारच्या शेताकडे पाहून टंचाई कळावी कशी? हा विकार नवाही नव्हे: केपटाऊनला 2 जानेवारी 1968 रोजी डॉ. बर्नार्ड यांनी ज्यांना नवे हृदय दिले, ते ब्लायबर्ग सुमारे 19 महिने जगले, आणि मरणोत्तर तपासणीत त्या हृदयाच्या रोहिण्या गंभीररीत्या विकारग्रस्त आढळल्या.

माझा विकार पेट तपासणीत उघड झाला, कारण तीत दर मिनिटाला स्नायूच्या प्रत्येक ग्रॅममागे किती मिलिलिटर रक्त पोचते, हे प्रत्यक्ष मोजता येते. म्हणून प्रत्यारोपितांना माझी आग्रहाची विनंती आहे की, अहवालात हा आकडा, विश्रांतीचा आणि ताणाचा, दोन्ही मागावा. तपासणी शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने करवावी. आणि सर्व सीडी व अहवाल आपल्या दफ्तरी जपावेत, कारण एकट्या आकड्यापेक्षा त्याची उतरण अधिक बोलते. चहा-कॉफी केव्हापासून वर्ज्य, हे आधीच विचारावे. सीटी अँजिओग्राफीत रोहिणीची भित्तीही दिसते, परंतु या हृदयाची गती मुळातच जलद असल्याने चित्र कधी अस्पष्ट येते, शिवाय टॅक्रोलिमसने आधीच शिणलेल्या मूत्रपिंडांवर कॉन्ट्रास्टचा भार पडतो. तेव्हा क्रिएटिनिन पाहिल्याविना संमतिपत्रावर सही करू नये. डोब्युटामाइन इको सुलभ खरी, पण आरंभीचा विकार तिच्या नजरेतून निसटू शकतो.

आकडा घसरला की डॉक्टर कॅथेटरने रोहिणीच्या आतून अल्ट्रासाऊंड करण्याचे सुचवतात. त्यास विलंब लावू नये. माझ्या रोहिण्या सर्वत्रच अरुंद झाल्यामुळे स्टेंटला फारसा वाव उरला नव्हता, म्हणून एव्हरोलिमसची योजना झाली. ते औषध विकाराची वाढ मंदावते, झालेली हानी मात्र सहसा भरून काढीत नाही.